सिस्टरांच्या पेनाचं टोपण

सिस्टरांच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं एक निळं पेन असायचं आणि त्याचं टोपण त्या सहजासहजी काढत नसत. वसमतच्या त्या वंध्यत्व-उपचार केंद्रात पेनांना तोटा नव्हता. औषध कंपन्यांनी दिलेली पेनं टेबलावरच्या पेल्यात खोचलेली असायची. पण संमतीपत्रावर सही व्हायची ती सिस्टरांच्याच पेनानं, आणि टोपण निघण्याआधी बाईला एक तोंडी परीक्षा द्यावी लागायची.

"सांगा बरं, काय करणार हायेत तुमाला?"

"डॉक्टरला माहीत."

"डॉक्टरला माहीतच हाय. पण करणार कोणाच्या पोटात? तुमच्या का डॉक्टरच्या?"

बाई हसायची, लाजायची, नवऱ्याकडे बघायची. नवरा उत्तर द्यायला लागला की सिस्टर त्याच्याकडे न बघता हात वर करायच्या, बसवाल्याला थांबवतात तसा. मग त्या सगळं सांगायच्या, टेबलावरच्या रबरी नमुन्यावर बोट ठेवून. सांगून झालं की पुन्हा तोच प्रश्न. बाईनं स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगितलं की म्हणायच्या, "आता कळलंय तुमाला," आणि टोपण काढायच्या. चुकलं तर टोपण जागच्या जागी. एकेका सहीला अर्धा-अर्धा तास जायचा. बाकावरचे लोक त्यांना टोपणवाल्या सिस्टर म्हणायचे, काही प्रेमानं, काही घड्याळाकडे बघत.

सिस्टर कुरुंद्याच्या. रोज सकाळी एसटीनं वसमतला यायच्या, साडीवर पांढरा कोट घालायच्या आणि संध्याकाळी तो घडी करून पिशवीत टाकून परत जायच्या. त्या काळी पन्नाशीला आल्या होत्या. वीसेक वर्षं वेगवेगळ्या खाजगी दवाखान्यांत काढली होती. ही परीक्षेची पद्धत त्या कुठल्या प्रशिक्षणात शिकल्या नव्हत्या. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "आधीच्या दवाखान्यात एका बाईची सही मीच घेतली होती. तिला वाटलं गाठ काढायलेत. काढली पिशवी. दीड वर्षानं मलाच इचारायला आली, सिस्टर, माझी पाळी काहून येऊन नाही राहिली. तीस वर्षांची होती. तवापासून मी अशी सही घेत न्हाई." एवढं बोलून त्या पुढच्या बाईचं वजन करायला गेल्या. गोष्टीचं तात्पर्य सांगायची सवय त्यांना नव्हती. ती आम्हा शिक्षकांना असते.

मी वसमतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्या केंद्रात मी आणि माझी पत्नी मंगल अकरा-बारा वर्षांपूर्वी जाऊ लागलो. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. केंद्राचे डॉक्टर मोठ्या शहरातून दर मंगळवारी यायचे. ते यायच्या आधी त्यांचे फोटो येऊन बसलेले असायचे: शाल घेताना, काचेचं स्मृतिचिन्ह घेताना, कुठल्या तरी परदेशी पुलासमोर. त्याच भिंतीवर गुबगुबीत बाळांचं एक कॅलेंडर होतं. सिस्टर सकाळी आल्या की ते उलटं करून ठेवायच्या. दुपारी डॉक्टर स्वतः ते सुलटं करायचे. ते चहाला गेले की ते पुन्हा उलटं व्हायचं. याविषयी दोघांत कधी एक शब्दही झाल्याचं मी ऐकलं नाही.

त्या अभिनंदन म्हणत नसत, हे मला सुरुवातीला खटकलं होतं. एखादीचा रिपोर्ट चांगला आला की म्हणायच्या, "बरं झालं. पाणी प्या." तेवढंच. कोणी पेढ्यांचा पुडा घेऊन आलं तर दारातच अडवायच्या. "पेढे बाहेर. आत ज्यांचं राहिलंय त्या बसल्यात." लोक रागवायचे. एकदा एका सासूबाईंनी, "तुमच्यासाठीच आणलेत हो, स्पेशल," असं म्हणून पुडा पुढे केला. सिस्टरांनी तो घेतला, कपाटात ठेवला आणि संध्याकाळी बसस्टँडवर वाटून टाकला. दुसऱ्या दिवशी कंडक्टर विचारत होता, "सिस्टर, कोणाला काय झालं?" सिस्टर म्हणाल्या, "तुला काय करायचं? गोड लागला ना?"

पुरुषांच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता: आधी मालकाचा रिपोर्ट, मग बाईची सुई. आमच्याकडे उलटा रिवाज आहे. बाईच्या नळ्या तपासून होतात, रक्त काढून होतं, उपास होतात, अंगारे होतात, आणि सगळं संपल्यावर कोणीतरी दबक्या आवाजात म्हणतं की यांचंही एकदा बघायचं का. औंढ्याकडचा एक मेंढपाळ एकदा बायकोला घेऊन आला होता. आपल्या तपासणीचं नाव काढताच तो बाकावरनं उठला.

"माज्यात काय बघायचं? मी धडधाकट हाय."

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "मेंढरं किती?"

"साठेक."

"मेंढ्या गाभण न्हाई राहिल्या तर आधी काय बदलता?"

"मेंढा."

"मेंढ्यांना सुया टोचत न्हाईत व्हय?"

तो परत बाकावर बसला. मग फेटा सावरून म्हणाला, "द्या ती बाटली."

सगळा बाक हसला. हसणाऱ्यांत मी नव्हतो. माझा रिपोर्ट त्याआधी दोन वर्षांपासून माझ्याकडे होता.

तो मी नांदेडला एकटा जाऊन काढून आणला होता. त्यात एकच आकडा होता, शून्य. शून्यावर मी वर्गात अर्धा तास बोलू शकतो. त्या दिवशी नांदेड ते वसमत मी कोणाशी बोललो नाही. घरी येऊन तो कागद मी कपाटात शब्दकोशांच्या मागे ठेवला आणि मंगलला सांगितलं की परीक्षेचं काम होतं. त्यानंतरच्या दोन वर्षांत मंगलनं नळ्यांची तपासणी करून घेतली. त्यात ती वेदनेनं कळवळली होती, आणि मी बाहेर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. माझ्या आईनं तिला सोळा सोमवार करायला लावले. नात्यातल्या एका डोहाळजेवणाला गेल्यावर तिला ओटी भरायला पुढे बोलावलं नाही. परत येताना मी तिला रिक्षात अंधश्रद्धेवर एक छान व्याख्यान दिलं. तिनं ते शांतपणे ऐकलं. आईनं "हिच्यातच काहीतरी कमी आहे" असं म्हटलं की मी म्हणायचो, "आई, असं बोलू नये." बोलू नये असं म्हणालो. खोटं आहे असं म्हणालो नाही.

मेंढपाळाचा रिपोर्ट पुढच्या मंगळवारी आला. तोही माझ्यासारखाच. सिस्टरांनी त्याला आत नेऊन सांगितलं. तो बाहेर आला, बायकोशेजारी बसला आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुज्यात काय न्हाई. माज्यातच खोट हाय." ती म्हणाली, "बरं. आधी जेवून घेऊ." दोघांनी तिथंच बाकावर फडकं सोडलं आणि भाकरी खाल्ली. पुढे त्यांनी काय ठरवलं ते मला माहीत नाही. त्या दिवशी मंगल माझ्या कानाशी म्हणाली, "किती सरळ माणूस आहे, नाही?" मी म्हणालो, "अडाणी माणसं सरळ असतात." ती म्हणाली, "तसं कशाला म्हणता?"

सिस्टरांनी माझा रिपोर्ट मागायच्या आधीच डॉक्टरांना मी एकट्यानं भेटून नांदेडचा कागद दाखवला. त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. ते म्हणाले, "सर, दात्याचं बीज वापरू. नाव-गाव कोणालाच कळत नाही. मॅडमना सांगायचं की नाही हा तुमचा घरगुती प्रश्न. सांगितलं की बायका रडतात, घरात वातावरण बिघडतं. फॉर्मवर दोघांच्या सह्या झाल्या की आपण मोकळे." त्यांनी 'आपण' म्हटलं याचा मला आधार वाटला. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. बाईच्या देहावर बाईचा हक्क या विषयावर मी दर मार्चमध्ये कुठे ना कुठे बोलतो. त्या दिवशी त्यातलं एक वाक्यही मला आठवलं नाही.

संमतीपत्र चार पानांचं होतं. वर इंग्रजी, खाली मराठी, आणि मराठी असं की मला मराठी शिकवणाऱ्यालाही दोनदा वाचावं लागलं. दात्याचा उल्लेख तिसऱ्या पानावर खालून दुसऱ्या परिच्छेदात होता. मंगल बी.ए. झालेली आहे. घरी शिवणक्लास चालवते. कापडाचं अर्ध्या इंचाचं माप तिच्या नजरेतून सुटत नाही. पण छापील कागद आला की ती माझ्याकडे द्यायची. बँकेचा असो, वीजमंडळाचा असो, सही करताना एकच विचारायची, "तुम्ही वाचलंय ना?" नवरा वाचणारा आहे याचा तिला अभिमान होता.

त्या मंगळवारी आम्ही सिस्टरांच्या टेबलासमोर बसलो.

"सांगा बरं, काय करणार हायेत तुमाला?"

मंगलनं एखाद्या हुशार विद्यार्थिनीसारखं सांगितलं. "यांचं बीज घेणार, ते धुऊन त्यातलं चांगलं निवडणार, आणि बारीक नळीनं माझ्या पिशवीत सोडणार. भूल लागणार नाही. अर्धा तास पडून राहायचं."

सिस्टरांनी फाईल उघडली. एक पान बघितलं, मग तिसरं पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या हातात पेन होतं आणि टोपण अर्धवट निघालेलं होतं. ते त्यांनी अंगठ्यानं दाबून परत बसवलं. टक असा आवाज झाला.

"आज सही न्हाई," त्या मंगलला म्हणाल्या.

"चुकलं का माझं काही?"

"तुमचं काही चुकलं न्हाई बाई. तुमी बराबर सांगितलं. जेवढं तुमाला सांगितलंय तेवढं बराबर सांगितलं. बाहेर बसा थोडं, पाणी प्या."

मंगल बाहेर गेल्यावर त्यांनी मला वजनकाट्याच्या खोलीत नेलं.

"सर, बाईला सांगितलं न्हाई तुमी."

"डॉक्टर म्हणाले गरज नाही."

"डॉक्टरच्या पोटात ठेवायचं न्हाई ते."

"तिला धक्का बसेल. तिच्याच भल्यासाठी..."

"धक्का बसंल. रडंल. दोन दिवस बोलायची न्हाई तुमच्याशी. मंग व्हय म्हणंल न्हाई तर न्हाई म्हणंल. पण ते तिनं म्हणायचं हाय." त्या दाराकडे बघून हळू आवाजात बोलत होत्या. "दुसऱ्याचं बीज घेण्यात काही वाईट न्हाई, सर. कितीक जण घेतात अन् लेकरावर जीव टाकतात. पण बाईच्या अंगात काय जाऊन राहिलं हे बाईला माहीत पाहिजे का न्हाई? पुढच्या मंगळवारपर्यंत सांगा. तुमी सांगितलं की मी टोपण काढते."

"आणि नाही सांगितलं तर? तुम्ही सांगणार तिला?"

त्यांना हा प्रश्न समजलाच नाही, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"मी कशी सांगू? ती तुमची गोष्ट हाय. दवाखान्यातली गोष्ट मी माज्या घरी बी सांगत न्हाई. मी फकस्त सही घेणार न्हाई."

हे संभाषण मी शब्दशः लिहू शकतो, कारण त्याच रात्री मी त्यावर एक अर्ज लिहिला. डॉक्टरांच्या नावे, सुवाच्य अक्षरात, दीड पान. त्यात मी लिहिलं की सदर परिचारिका रुग्णांना अकारण मानसिक त्रास देतात. त्यांची भाषा ग्रामीण व उर्मट आहे. आणि त्यांनी रुग्णाची गोपनीय माहिती उघड करण्याची मला धमकी दिली आहे. पहिलं वाक्य म्हणजे मत. दुसऱ्या वाक्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण ते लिहिताना मला अजिबात लाज वाटली नव्हती. आणि तिसरं वाक्य धादांत खोटं. जी गोष्ट ती बाई मरेपर्यंत करणार नव्हती, नेमका त्याच गोष्टीचा आरोप मी तिच्यावर केला. अर्ज पुन्हा वाचला. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला.

पुढच्या मंगळवारी सिस्टरांच्या खुर्चीवर एक नवी मुलगी होती. तिनं टेबलावरच्या पेल्यातलं पेन काढलं आणि फुलीच्या खुणा दाखवत म्हणाली, "मॅडम, इथं, इथं आणि इथं." मंगलनं विचारलं, "सिस्टर कुठं आहेत?" मुलगी म्हणाली, "त्या सोडून गेल्या." मंगल जरा हिरमुसली. मग तिनं पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही वाचलंय ना?"

"वाचलंय," मी म्हणालो. त्या दिवसभरात मी बोललेलं ते एकच खरं वाक्य.

तिसऱ्या प्रयत्नात दिवस राहिले. मैत्रेयीचा जन्म झाला. तिच्याविषयी मी इथं जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगतो की ती पहिल्यांदा माझ्या हातात आली त्या क्षणापासून आजपर्यंत, ती माझी नाही असं मला एकदाही वाटलेलं नाही. माझं खोटं तिच्याबद्दल नव्हतंच कधी, ते तिच्या आईशी होतं. बारशाला माझी आई म्हणाली, "नाक अगदी आमच्याकडचं." मी पाळण्याची दोरी ओढत राहिलो.

केंद्राच्या वार्षिक मेळाव्यात सगळ्या बाळांना एकाच रंगाच्या टोप्या घालून मांडवात बसवलं होतं आणि डॉक्टरांना मानपत्र द्यायचं होतं. ते लिहायला त्यांना मराठीचा माणूस हवा होता. मी लिहिलं. 'रित्या ओंजळींत उजेड ठेवणारे हात' असं एक वाक्य त्यात होतं, त्याला टाळ्या पडल्या. सिस्टरांच्या हातांविषयी मी लिहिलेला कागद त्याच कार्यालयातल्या कुठल्या तरी फायलीत असणार. मंगल मांडवात सिस्टरांना शोधत होती. तिला कोणीतरी सांगितलं, पेशंटची माहिती फोडली म्हणून काढलं त्यांना. मंगल म्हणाली, "शक्यच नाही." नंतरची सात-आठ वर्षं मैत्रेयीच्या प्रत्येक वाढदिवसाला ती म्हणायची, "त्या सिस्टर भेटायला हव्या होत्या. हिला दाखवलं असतं." मी केक कापायला घ्यायचो.

सिस्टर भेटल्या त्या मला, आणि तेही मी व्यासपीठावर असताना. कुरुंद्याला एका वाचनालयाचं उद्घाटन होतं आणि मी प्रमुख पाहुणा होतो. हळद शिजवण्याचे दिवस होते. सगळ्या गावाला तो उग्र, ओला वास येत होता. सूत्रसंचालकानं माझी ओळख करून देताना 'सत्याची कास धरणारे' असं म्हटलं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, आणि तेवढ्यात मला दुसऱ्या रांगेत सिस्टर दिसल्या. केस पांढरे झालेले, अंग वाळलेलं, पाय सुजलेले. त्या माझ्याकडे बघत होत्या, परीक्षेच्या आधी बघायच्या तशा. भाषणात मी काय बोललो ते मला आठवत नाही. लोकांना आवडलं म्हणे.

कार्यक्रम संपल्यावर त्या काठी टेकत आल्या.

"जयभीम, सर. चांगलं बोलले. पोरगी कितवीला?"

"तिसरीला." मुलगीच आहे हे त्यांना कसं माहीत, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

"चला, चहा घेऊ. घर जवळच हाय."

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली, आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिळ्याला अडकवलेलं रक्तदाब मोजायचं यंत्र. गल्लीतल्या बायका अजून त्यांच्याकडे दाब बघायला येतात, असं सुनेनं सांगितलं. ती चहा ठेवायला गेली. सिस्टर खुर्चीत बसल्या. मूत्रपिंडं दमलीत म्हणाल्या, हवामानाविषयी बोलावं तसं.

मी म्हणालो, "सिस्टर, माझ्याकडून एक गोष्ट घडली..."

"घडली का केली?"

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. दहा वर्षांत त्यात एका शब्दाचाही बदल झाला नव्हता, फक्त काळ बदलला होता.

"सांगा बरं, काय केलं तुमी?"

मी सुरुवात केली. म्हणालो, त्या काळात माझ्यावर मानसिक दडपण होतं, सामाजिक दृष्ट्या पुरुषाला अशा वेळी...

"न्हाई. परत."

मी म्हणालो, डॉक्टरांच्या सल्ल्यानं असा निर्णय घेण्यात आला की...

"परत, सर. तुमी तर शिकलेले माणूस. आमच्या अडाणी बाया दुसऱ्या खेपंला बराबर सांगायच्या."

सून चहा ठेवून गेली. मी तो घेतला नाही. तिसऱ्या वेळी मी सांगितलं, "दोष माझ्यात होता. मी तो मंगलपासून लपवला आणि तिला लोकांचं ऐकून घेऊ दिलं. दुसऱ्या माणसाचं बीज मी तिला न सांगता तिच्या पोटात सोडू दिलं. तुम्ही सही घेत नव्हता म्हणून मी तुमच्याविरुद्ध खोटा अर्ज केला."

"आता कळलंय तुमाला," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या गळ्यात पेन नव्हतं. तरी त्यांचा हात छातीपाशी गेला आणि खाली आला.

"अर्ज मला दाखवला होता डॉक्टरनं. वाचला मी. सहा महिने कुठं काम मिळालं न्हाई. कोणी म्हणे, ही बाई बाहेर सांगती." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, रोग्याचा इतिहास सांगावा तसा सूर होता. "मला तकलीफ त्याचीच झाली. उर्मट म्हणले त्याचं काही न्हाई. ते हायेच मी."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"मी करून काय व्हणार? जिच्या पोटात गेलं तिला सांगा. जसं मला सांगितलं तसंच, तिसऱ्या खेपंचं. पहिल्या खेपंचं नका सांगू." मग चहाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "घ्या, गार व्हायलाय."

इथं ही गोष्ट नीट संपायला हवी होती. मी तसाच एसटीत बसून घरी जायला हवं होतं आणि शाल काढायच्या आधी मंगलला सांगायला हवं होतं. मी एसटीत बसलो, घरी गेलो, शाल काढली. मंगलनं विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?" मी म्हणालो, "चांगला." सिस्टर भेटल्या हेसुद्धा सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हटलं. मग पेपर तपासायचे होते. मग मैत्रेयीला ताप होता. मग पाहुणे होते. चार महिने गेले.

जूनमध्ये एका सकाळी सिस्टरांच्या मुलाचा फोन आला. आई पहाटे गेली. तिनं वहीत काही नंबर लिहून ठेवलेत, त्यात तुमचाही आहे. फोन मंगलनं घेतला होता. "कोण आई?" असं तिनं विचारलं, मग ऐकत राहिली, मग फोन ठेवून माझ्याकडे वळली. "अहो, आपल्या टोपणवाल्या सिस्टर. कुरुंद्याला होत्या. एवढ्या जवळ. चला, आपण जाऊ." तिचे डोळे भरले होते. ती आत जाऊन साडी बदलायला लागली.

तेव्हा मी दारात उभा राहून तिला सांगितलं. तिसऱ्या खेपेचं, जसंच्या तसं. चार वाक्यं. त्यांत सजावटीचं एकही विशेषण नव्हतं.

मंगल पदर हातात धरून उभी राहिली. रडली नाही. तिनं विचारलं, "सिस्टरांना माहीत होतं?"

"हो."

"म्हणून त्यांनी टोपण लावलं."

"हो."

"मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं." मग म्हणाली, "आणि त्यांना काढलं ते तुमच्या कागदामुळं."

"हो."

"त्या मला म्हणाल्या होत्या, तुमचं काही चुकलं नाही बाई. एवढ्या वर्षांत मला तसं म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या." तिनं पदर खांद्यावर घेतला आणि पिन लावली. मी चप्पल घालायला लागलो तेव्हा म्हणाली, "तुम्ही येऊ नका."

मैत्रेयीला शाळेतून घेऊन ती दुपारच्या गाडीनं कुरुंद्याला गेली. मुलीला सिस्टरांना दाखवायचं होतं ना. संध्याकाळी दोघी परत आल्या. मैत्रेयी म्हणाली, "बाबा, तिथं खूप बायका होत्या आणि सगळ्या रडत होत्या. आईनं त्या आजीच्या पायावर माझं डोकं ठेवलं." मंगलनं स्वयंपाक केला, मुलीला झोपवलं, मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, "मी सही केली तो कागद कुठाय?"

मी शब्दकोशांच्या मागून संमतीपत्राची प्रत ठेवलेली फाईल काढून दिली. ती शिवणयंत्राच्या दिव्याखाली बसली आणि चार पानं वाचू लागली, शिवण बघताना ठेवते तसं ओळीवर बोट ठेवून, शब्दन् शब्द. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. मग पुढची ओळ, आणि मग शेवटी खाली स्वतःची सही. त्या सहीवरून तिनं अंगठा फिरवला, कापडावरचा डाग निघतो का ते बघावं तसा. फाईल मिटून ती म्हणाली, "मैत्रेयीला सांगायचं. कधी आणि कसं, ते मी ठरवीन. सांगेन मी. तुम्ही शेजारी बसायचं, आणि बोलायचं नाही."

याला आता एक वर्ष होत आलं. आम्ही एकाच घरात राहतो. आईला मी सांगितलं. ती पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही, मग एके दिवशी मंगलच्या हातात स्वतःच्या पाटल्या ठेवून आपल्या खोलीत गेली. मंगलनं त्या कपाटात ठेवल्या, घातल्या नाहीत. माझ्याशी ती नीट बोलते. भाजी काय आणायची, गॅस कधी संपला, मुलीची फी. सिस्टर म्हणाल्या होत्या, दोन दिवस बोलायची नाही. ते वेळेवर सांगितलं असतं तर. वेळ निघून गेल्यावर किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

परवा शाळेतून एक फॉर्म आला, सहलीचा. एकच पान. मंगलनं तो दिव्याखाली नेला, बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचला. मग मैत्रेयीला समोर बसवून विचारलं, "सांग बरं, कुठं नेणार आहेत तुला?" पोरीनं सांगितलं. "परत कधी आणणार?" तेही सांगितलं. तेव्हा मंगलनं पेन उघडून सही केली, आणि टोपण दाबून लावलं.

मी समोरच बसलो होतो. 'तुम्ही वाचलंय ना?' असं तिनं मला विचारलं नाही. आता ती ते विचारत नाही.